उजेड मोजायला शिकताना: बीएच१७५० सेन्सर, अंगणातला दिवा आणि बेदाण्याची शेड

आर्डुइनो, म्हणजे कोड चढवून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, हातात आला की माणूस आधी एलईडी लुकलुकवतो, मग तापमान बघतो आणि तिसऱ्या फेरीला उजेडाकडे वळतो. अंधार पडला की अंगणातला दिवा आपला आपण लागावा, एवढीच बहुतेकांची पहिली इच्छा असते. आपल्या सांगली-तासगाव भागात तिच्या जोडीला आणखी एक गरज आहे, ती म्हणजे बेदाण्याच्या शेडची. हिरव्या जाळीखाली नेमका किती उजेड येतो आणि दुपारनंतर पश्चिमेकडून ऊन द्राक्षं वाळत घातलेल्या रॅकवर कुठवर शिरतं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. डोळा फार लवकर जुळवून घेतो. भर उन्हातून घरात आलात की क्षणभर अंधारी येते आणि थोड्या वेळात तीच खोली लख्ख वाटते. सेन्सरला अशी सवय लागत नाही.

हा लेख ज्यांनी अजून एकही सेन्सर जोडलेला नाही त्यांच्यासाठी आहे. वायरी जोडणं आणि कोड चढवणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. खरं डोकं लागतं ते सेन्सर कुठे, कोणत्या तोंडानं आणि कशाखाली बसवायचा हे ठरवायला. तिथे चुकलं तर आकडा दिसतो झकास, पण त्याला अर्थ नसतो. म्हणून खाली जोडणीपेक्षा बसवण्यावर जास्त लिहिलं आहे.

कोणता सेन्सर घ्यावा

सगळ्यात स्वस्त म्हणजे एलडीआर, उजेडानुसार रोध बदलणारा भाग. कॅडमियम सल्फाइडची नागमोडी पट्टी असलेली ती छोटी चकती पुष्कळांनी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाहिलेली असते. उजेड वाढला की तिचा रोध कमी होतो. दिवस की रात्र एवढंच ठरवायचं असेल तर ती पुरते. पण आर्डुइनोवर तिचं वाचन ० ते १०२३ यांच्यात कुठेतरी येतं आणि तो आकडा लक्स, म्हणजे उजेड मोजायच्या एककात, नसतो. एकाच पाकिटातल्या दोन एलडीआर एकाच खिडकीत ठेवल्या तरी वेगवेगळे आकडे दाखवतात. शेजारच्या रॅकशी तुलना करायची म्हटली की तिचा उपयोग संपला.

नवख्यानं थेट बीएच१७५० घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ही जपानच्या रोम कंपनीची चिप. तिच्यात प्रकाश पकडणारा फोटोडायोड, त्याचा संकेत वाढवणारी सर्किट आणि १६ बिटांचा रूपांतरक एकत्र बसवलेला आहे, त्यामुळे आपल्याला तयार अंकच मिळतो. तिची संवेदना माणसाच्या डोळ्याच्या जवळपास ठेवलेली आहे. हिरवट-पिवळ्या उजेडाला ती सर्वांत जास्त दाद देते आणि अवरक्त किरणांनी फारशी फसत नाही. ही मोठीच सोय आहे, कारण साधा फोटोडायोड जुन्या पिवळ्या बल्बसमोर धरला तर त्याच्या अवरक्त भागामुळे आकडा उगाच फुगतो.

बाजारात ही चिप जीवाय-३०२ नावाच्या छोट्या निळ्या बोर्डावर मिळते. जीवाय-३० हा तिचाच थोडा मोठा भाऊ. तिसरा प्रकार पांढऱ्या अर्धगोल टोपीखाली बसवलेला असतो. शेडमध्ये किंवा अंगणात लावायचा असेल तर हा टोपीवाला शोधा, त्याचं कारण पुढे येईल. सांगली-मिरजेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नसला तर सांगून ठेवा, किंवा ऑनलाइन मागवा. विशेची वीईएमएल७७०० ही चिपही चांगली आहे आणि भर उन्हापर्यंत पोचते, पण तिचा पत्ता, म्हणजे बोर्ड तिला ज्या क्रमांकानं हाक मारतो तो, बदलता येत नाही, त्यामुळे अशा दोन चिपा एकाच तारांवर बसत नाहीत. दोन जागा मोजायच्या झाल्या तर पहिल्याच प्रयोगात अडचण नको.

लक्सचा अंदाज आधी बांधून घ्या

एक चौरस मीटर जागेवर एक लुमेन प्रकाश पसरला की तो एक लक्स. व्याख्या पाठ करण्यापेक्षा काही आकडे डोक्यात ठेवा, म्हणजे सेन्सर काही भलतंच सांगायला लागला तर लगेच खटकेल. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही. रात्री घरातल्या ट्यूबखाली शंभर-दोनशे लक्स मिळतात. अभ्यासाच्या टेबलावर तीनशे ते पाचशे असावेत. ढगाळ दिवशी मोकळ्यावर हजारांत आकडा जातो, स्वच्छ दिवशी सावलीत दहा-वीस हजारांपर्यंत आणि एप्रिलच्या दुपारी थेट उन्हात एक लाखाच्या आसपास.

म्हणजे चांदण्यापासून उन्हापर्यंतचा पल्ला लाखो पटींचा आहे. बीएच१७५० नेहमीच्या सेटिंगला ५४,६१२ लक्सपर्यंतच मोजतो. सोळा बिटांत सर्वांत मोठी संख्या ६५,५३५ आणि चिपची कच्ची संख्या १.२ नं भागली की लक्स येतात, त्यातून ही मर्यादा आलेली आहे. ५४,६१२ हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे दोनदा भेटणार आहे.

जोडणी

सामान फार नाही: आर्डुइनो उनो किंवा त्याच्यासारखाच नोडएमसीयू किंवा ईएसपी३२ बोर्ड, सेन्सर बोर्ड, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पाटी), चार-पाच जंपर वायरी आणि यूएसबी केबल. केबल डेटावाली हवी. नुसती चार्जिंगची असेल तर बोर्डावरचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही, आणि नवखा माणूस दोष ड्रायव्हरमध्ये शोधत बसतो.

सेन्सरसोबत पिनांची पट्टी सुटी येते. ती सोल्डर करावीच लागते. नुसती भोकात घालून वाकडी टेकवून ठेवली तर एखादं वाचन येतं, पुढचं येत नाही, आणि दोष कोडमध्ये आहे असं वाटत राहतं. पट्टीची लांब बाजू ब्रेडबोर्डात खोचा, वर बोर्ड ठेवा, म्हणजे पिना सरळ राहतील. सोल्डरिंग गनचं टोक पिन आणि तांब्याची कडी दोघांना एकदम टेकवा, दोन-तीन सेकंदांनी सोल्डरची तार लावा. डाग चकचकीत आणि उतरता बसला पाहिजे. गोळा होऊन वर राहिला तर तो धरलेला नाही. चिपच्या पारदर्शक खिडकीवर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरबरोबरच्या चिकट राळेचा, शिंतोडा उडू देऊ नका, ती जागा कागदी चिकटपट्टीनं झाकून घ्या आणि काम झालं की पट्टी आठवणीनं काढा.

बोर्डावर पाच पिना असतात. व्हीसीसी, म्हणजे वीज घेणारी पिन, ३.३ व्होल्टला जोडा. चिप स्वतः २.४ ते ३.६ व्होल्टची आहे. बहुतेक बोर्डांवर रेग्युलेटर असल्यानं ५ व्होल्टवरही ते चालतात, पण तुमच्या हातातल्या बोर्डावर तो आहे की नाही हे नक्की माहीत नसेल तर ३.३ च बरा. जीएनडी ग्राउंडला. राहिल्या एससीएल आणि एसडीए, म्हणजे बोर्ड आणि सेन्सर यांनी बोलायच्या आयटूसी या पद्धतीच्या दोन तारा. उनोवर एसडीए ए४ ला आणि एससीएल ए५ ला जाते. नोडएमसीयूवर एसडीए डी२ ला, एससीएल डी१ ला. ईएसपी३२ वर एसडीए २१ ला, एससीएल २२ ला. पाचवी पिन एडीडीआर, म्हणजे पत्ता ठरवणारी. ती ग्राउंडला जोडली की सेन्सरचा पत्ता ०एक्स२३ होतो, व्हीसीसीला जोडली की ०एक्स५सी. मोकळी सोडली तरी बहुधा ०एक्स२३ वर सापडतो, पण लोंबती पिन ठेवू नये. ग्राउंडला बांधून टाका.

आयटूसी ही पद्धत फिलिप्सनं १९८२ मध्ये एकाच उपकरणातल्या चिपांना आपसांत बोलता यावं म्हणून काढली. तारा वीतभर, फार तर हातभर असाव्यात, हे तिच्या जन्मापासूनच ठरलेलं आहे. शेडच्या गोष्टीत याचा विचार करावा लागेल.

पहिलं वाचन

कोड लिहायच्या आधी सेन्सर तारेवर दिसतो का ते बघा. आर्डुइनो आयडीईत, म्हणजे कोड लिहून बोर्डावर चढवायच्या लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये, उदाहरणांच्या यादीत वायर या नावाखाली आयटूसी स्कॅनर मिळतो. तो चढवा, सीरियल मॉनिटर (बोर्डाकडून आलेला मजकूर दाखवणारी खिडकी) उघडा आणि खालचा वेग कोडमध्ये आहे तोच ठेवा, नाहीतर चित्रविचित्र अक्षरं दिसतील. ०एक्स२३ असं उमटलं की जोडणी बरोबर. काहीच सापडलं नाही तर दहापैकी नऊ वेळा एसडीए आणि एससीएल यांची अदलाबदल झालेली असते. चिप त्यानं जळत नाही, तारा बदलून पुन्हा बघा.

मग आयडीईतल्या लायब्ररी मॅनेजरमध्ये, म्हणजे तयार कोडच्या संचांच्या यादीत, बीएच१७५० शोधा. बऱ्याच लायब्रऱ्या दिसतील, क्रिस्टोफर लॉज यांची घ्या. तिच्यासोबत चाचणीचं उदाहरण येतं, तेच जसंच्या तसं चढवा. त्यात सुरुवातीला वायर सुरू होते, मग सेन्सर सुरू होतो, आणि पुढे रीडलाइटलेव्हल हे फंक्शन दर वेळी लक्सचा आकडा परत देतं. वेगळं गणित करायला नको, १.२ चा भागाकार लायब्ररीच करते.

सेन्सरचे मोड तीन आहेत. एच मोड १ लक्सच्या पायरीनं मोजतो, एच मोड २ अर्ध्या लक्सच्या आणि एल मोड ४ लक्सच्या. एच मोडला एका मोजणीसाठी साधारण १२० मिलिसेकंद लागतात, एल मोडला १६. वेग जास्त म्हणून एल मोड निवडू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. आपल्याला ते दिसत नाही, सेन्सरला दिसतं. १२० मिलिसेकंदांत अशी बारा पूर्ण आवर्तनं मावतात आणि चढउतार सरासरीत विरून जातो. १६ मिलिसेकंदांत दीड आवर्तनच येतं, त्यामुळे आकडा हलू शकतो. उजेड काही इतक्या घाईनं बदलत नाही, एच मोडच ठेवा.

आता खात्री करा. सेन्सरवर तळहात ठेवा, आकडा शून्याकडे गेला पाहिजे. मोबाइलची बॅटरी लावून वरून धरा, तो हजारांत उडाला पाहिजे. ऋण आकडा आला तर तो उजेड नाही, वाचन फसल्याची ती खूण आहे. आणि घरात, ट्यूबखाली ५४,६१२ येऊन बसला असेल तर सेन्सर भलताच तेजस्वी उजेड बघतोय असं समजू नका. डेटाची तार निसटली की कधी कधी सगळे बिट एक वाचले जातात, त्याचे ६५,५३५ होतात आणि भागाकारानंतर नेमका हाच आकडा उरतो. हाच आकडा भर उन्हात आला तर मात्र सेन्सर भरून गेला आहे. एकच आकडा घरात वायरीचा दोष सांगतो आणि अंगणात उन्हाचा जोर.

कुठे आणि कसा बसवायचा

इथे घाई करू नका.

सेन्सर फक्त आपल्या खिडकीवर पडलेला उजेड मोजतो, खोलीतला मोजत नाही. टेबलावर आडवा ठेवला आणि मग तोच खिडकीकडे तोंड करून उभा धरला तर दोन्ही आकड्यांत कित्येक पटींचा फरक पडतो, आणि दोन्ही खरे असतात. म्हणून आधी स्वतःला विचारा की मला कोणत्या पृष्ठभागावरचा उजेड हवा आहे. वहीवरचा हवा असेल तर सेन्सर वहीच्या जागी, तोंड वर करून. रॅकवरच्या द्राक्षांचा हवा असेल तर रॅकच्या जाळीवर, द्राक्षांच्याच उंचीला. मिरजेत सतारीवर काम करणाऱ्या कारागिराला हातातल्या कामावर किती उजेड पडतो ते हवं असेल तर सेन्सर त्या कामाजवळ, त्याच कलानं धरायला हवा. छताला चिकटवलेला सेन्सर यातलं काहीच सांगत नाही.

कोनाचंही तसंच. सपाट जागेवर उजेड डोक्यावरून आला तर पुरा लागतो, उभ्या रेषेपासून ६० अंश कलून आला तर निम्माच. उघडी चिप हा नियम फार नीट पाळत नाही, कारण बाजूनं येणारे किरण तिच्या आवरणात आणि बोर्डावरच्या भागांत अडतात. त्यासाठी ती पांढरी अर्धगोल टोपी. तिच्यात उजेड पसरतो आणि बाजूचा हिस्साही चिपपर्यंत पोचतो. टोपीवाला बोर्ड मिळाला नाही तर औषधाच्या बाटलीचं दुधी, पातळ प्लॅस्टिकचं झाकण वापरा. रंगीत नको, रंग एखादा हिस्सा गिळतो. पूर्ण पारदर्शकही नको, त्यानं पसरण्याचं काम होत नाही.

झाकण बसवलं की आकडा कमी होणार, तो परत वाढवून घ्यायचा असतो. ढगाळ दिवस निवडा, किंवा सकाळी इमारतीच्या मोठ्या सावलीत बसा. ढग पळत असतील तर हे काम करू नका, दोन वाचनांच्या मध्येच उजेड बदलेल. सेन्सर न हलवता उघडं वाचन घ्या, झाकण ठेवून घ्या, पुन्हा उघडं घ्या. दोन्ही उघडी वाचनं जुळली तरच मधलं धरा. समजा उघडं ८,४०० आणि झाकून ५,६०० आलं, तर तुमचा गुणक १.५. कोडमध्ये आलेल्या लक्सला १.५ नं गुणा. हा गुणक त्या झाकणाचा आणि त्या अंतराचा आहे. झाकण बदललं किंवा चिपपासून दोन मिलिमीटर वर सरकलं तरी तो बदलतो, म्हणून झाकण डिंकानं पक्कं करून मगच मोजा.

झाकणाचा आणखी एक फायदा होतो. गुणक २ आला तर सेन्सर आता १,०९,००० लक्सपर्यंत मोजू शकतो, म्हणजे आपल्याकडचं दुपारचं ऊन त्यात मावतं. झाकण नको असेल तर चिपमध्येच मोजणीचा वेळ कमी करायची सोय आहे. त्यासाठीच्या रजिस्टरची, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्याची, नेहमीची किंमत ६९ असते, ती ३१ पर्यंत खाली आणता येते, आणि मग मर्यादा सुमारे १,२१,००० लक्स होते. लायब्ररीत त्यासाठी सेटएमटीरेग हे फंक्शन आहे. उलट चांदण्यासारखा मंद उजेड मोजायचा तर तीच किंमत २५४ पर्यंत वाढवायची.

अंगणातला दिवा

पहिला उपयोग म्हणून दिवाच करा. सेन्सर, उनो आणि एक रिले मॉड्यूल, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच. सुरुवातीला रिलेवर १२ व्होल्टची एलईडी पट्टी किंवा तसाच छोटा दिवा लावा. २३० व्होल्टची जोडणी स्वतः करू नका, वायरमनला बोलवा आणि सर्किट झाकणाच्या डब्यात ठेवायला लावा. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर उघडा रिले म्हणजे जिवाशी खेळ.

नवखा माणूस कोडमध्ये एकच अट लिहितो: लक्स ३० पेक्षा कमी झाला की दिवा लाव, नाहीतर बंद कर. संध्याकाळी आकडा २९, ३१, ३०, २९ असा डोलतो आणि रिले टकटक करत राहतो. त्याहून वाईट म्हणजे दिवा लागला की त्याचाच उजेड सेन्सरवर पडतो, सेन्सरला दिवस उगवला असं वाटतं, दिवा विझतो, पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला फ्लोट आठवा. पंप एका पातळीला चालू होतो आणि बऱ्याच वरच्या पातळीला बंद होतो. इथेही तसेच दोन उंबरे हवेत:

दर पाच सेकंदांनी लक्स वाचा.
वाचन ऋण असेल तर काही बदलू नका, पुढच्या वाचनाची वाट बघा.
दिवा बंद आहे आणि लक्स सलग तीन मिनिटं २० च्या खाली आहे, तर लावा.
दिवा चालू आहे आणि लक्स सलग तीन मिनिटं ८० च्या वर आहे, तर विझवा.
या दोन्हींत काही बसलं नाही तर आहे तसं राहू द्या.

२० आणि ८० हे माझे आकडे, तुमच्या अंगणाचे वेगळे असतील. एका संध्याकाळी सीरियल मॉनिटर उघडा ठेवून बसा, दिवा लावावासा वाटला त्या क्षणी आकडा वाचा, तो खालचा उंबरा. मग गडद अंधारात दिवा हातानं लावून सेन्सर काय सांगतो ते बघा. वरचा उंबरा त्याच्या किमान दुप्पट ठेवा. दिव्याचाच उजेड ८० च्या वर जात असेल तर उंबरा वाढवण्यापेक्षा सेन्सर दिव्याच्या पाठीमागे, आकाशाकडे तोंड करून हलवा.

ती तीन मिनिटं कशासाठी, हे मे महिन्यात कळतं. चारच्या सुमाराला वळवाचे ढग दाटून येतात आणि अंगण झाकोळून जातं. वीज चमकते तेव्हा क्षणभर आकडा उसळतो. रस्त्यावरून ट्रॅक्टर वळला की त्याचा हेडलाइट भिंतीवरून फिरतो. यांतल्या क्षणभराच्या कुठल्याच उजेडावर दिव्यानं दचकू नये. ढग मात्र खरंच तीन मिनिटांहून जास्त दाटून राहिले आणि अंधारलं, तर दिवा लागलेला बरा. घड्याळावर चालणाऱ्या टायमरला हे जमत नाही. शिवाय आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि जूनमध्ये सातच्या पुढे, त्यामुळे टायमर वर्षातून कित्येकदा सारखा करावा लागतो.

रिले मॉड्यूल पुष्कळदा उलट्या तर्काचं असतं, पिन लो, म्हणजे शून्य व्होल्टला, केली की चालू होतं. अशा वेळी सेटअपमध्ये पिनमोड लिहिण्याआधी डिजिटलराइटनं ती पिन हाय करून घ्या, म्हणजे लाइट जाऊन परत आली की रिले उगाच एक झटका देणार नाही. आणि तीन मिनिटांची अट पहिल्या वाचनाला लावू नका. रात्री दहाला वीज आली तर दिवा ताबडतोब लागला पाहिजे.

बेदाण्याच्या शेडमध्ये

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात फेब्रुवारीपासून शेडमध्ये रॅक भरतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षं जाळीच्या थरांवर पसरली जातात आणि सावलीत, वाऱ्यावर वाळतात. हिरवट रंग टिकवायचा तर थेट ऊन टाळायला हवं, नाहीतर माल तांबूस पडतो. म्हणून वर छप्पर आणि बाजूला शेडनेट. किती लक्स असावेत असा आकडा मी इथे देणार नाही. सेन्सरचा उपयोग तुलनेसाठी आहे: एकाच शेडमध्ये कोणत्या रॅकला, कोणत्या थराला, कोणत्या वेळी बाकीच्यांपेक्षा जास्त उजेड लागतो हे त्यातून समजतं.

दोन सेन्सर घ्या. एकाची एडीडीआर ग्राउंडला, दुसऱ्याची व्हीसीसीला, म्हणजे दोघं त्याच दोन तारांवर बसतात. एक पश्चिमेच्या कडेच्या रॅकवर, दुसरा त्याच उंचीला मधल्या रॅकवर. दोघांना एकसारखी टोपी लावा आणि बसवण्याआधी शेजारी-शेजारी ठेवून आकडे जुळतात का बघा. दोन नव्या सेन्सरांतही थोडा फरक असतोच, तो आधीच गुणकात धरला नाही तर पुढे तो रॅकचा फरक वाटेल.

आता तारांचा प्रश्न. दोन रॅकमध्ये पाच-सात मीटर अंतर असेल तर आयटूसी तिथवर भरवशानं जात नाही. लांब तार स्वतःच धारक (कपॅसिटर) बनते आणि संकेताच्या कडा बोथट होतात. महागड्या उपायांच्या मागे न लागता प्रत्येक रॅकला स्वतंत्र बोर्ड आणि स्वतंत्र सेन्सर द्या, नोंद वेगवेगळी करा आणि नंतर लॅपटॉपवर जुळवा. दोन सेन्सर एका बोर्डावर ठेवायचे तर ते एकाच रॅकच्या वरच्या आणि खालच्या थराला लावा, तिथेही तार जितकी आखूड तितकी बरी.

नोंदीसाठी एसडी कार्ड मॉड्यूल आणि डीएस३२३१ हे घड्याळ जोडा. घड्याळही आयटूसीवरच चालतं, त्याचा पत्ता ०एक्स६८, त्यामुळे भांडण नाही. आर्डुइनोच्या स्वतःच्या मिलिसेकंदांवर दिवसभराची वेळ सोपवू नका, ती मागेपुढे सरकते. दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहा: तारीख, वेळ, पहिला लक्स, दुसरा लक्स, मध्ये स्वल्पविराम. दिवसाच्या २८८ ओळी होतात आणि कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये आलेख काढता येतो. पॉवर बँकेवर चालवणार असाल तर आधी घरी रात्रभर तपासा. छोट्या बोर्डाला इतका थोडा करंट लागतो की बऱ्याच पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून बंद होतात. शेडमध्ये वीज असेल तर साधा मोबाइल चार्जर जास्त भरवशाचा.

आलेख वाचताना दोन्ही रेषा किती उंच आहेत यापेक्षा त्या कुठे एकमेकींपासून फुटतात ते बघा. सकाळभर दोन्ही बरोबर चालतात आणि साडेतीननंतर पश्चिमेची एकदम वर जाते, तर तिथे तिरपं ऊन जाळीतून थेट येतंय. त्या बाजूला नेटचा दुसरा थर लावा आणि तीच नोंद पुन्हा घ्या. रेष दुपारी बाराला वर टोकदार उसळत असेल तर छपरात भोक आहे किंवा पत्र्यांच्या जोडात फट. उन्हाचा तो पट्टा सेन्सरवरून सरकत जातो तेव्हा एक-दोन वाचनं उंच येतात आणि पुन्हा खाली. असा सुळका दिसला की त्याच वेळी शेडमध्ये जाऊन वर बघा, फट सापडते.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. बेदाण्याला गंधकाची धुरी द्यायची असेल तर आधी सेन्सर, बोर्ड, कार्ड सगळं बाहेर काढा. गंधकाचा धूर ओलाव्याशी मिळाला की आम्ल बनतं आणि तांब्याच्या पिना, सोल्डरचे डाग, रिलेचे संपर्क खातं. ती हानी त्याच दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी वाचनं तुटक येऊ लागतात. धुरी झाली, शेड मोकळी वाऱ्यावर सुटली, की मगच उपकरण परत लावा.

हंगाम संपला की टोपीवर धूळ आणि डिपिंग ऑइलचा चिकट थर साचलेला असतो. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसा. स्पिरिट नको, त्यानं काही प्लॅस्टिकं दुधाळतात आणि गुणक बदलतो. पुसल्यावर गुणक पुन्हा मोजा आणि तारखेसह डब्याच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं लिहून ठेवा. जानेवारीत डबा उघडाल तेव्हा पहिलं वाचन याच आकड्यानं सुरू होईल.